वन्संनी वाचलेला कागद

कारखाना म्हणायचं म्हणून म्हणायचं, एरवी ते एका जुन्या गोदामाचं मागचं अर्धं अंग होतं. पुढच्या अर्ध्यात कोणीतरी टायर रचून ठेवले होते, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला रबराच्या वासातून वाट काढावी लागे. मागे सुताराची दोन यंत्रं, भिंतीला टेकवलेल्या फळ्या, खोक्यांची चवड आणि खिडकीखाली एक टेबल. त्या टेबलाशी दर मंगळवारी वन्सं बसत.

वन्सं म्हणजे कंपनी काढणाऱ्या बाईची मोठी नणंद. ही बाई घरातली धाकटी सून. चाळिशी उलटली, स्वतःची कंपनी उभी राहिली, तरी सगळ्यांसाठी ती धाकटीच. नणंदेला ती वन्सं म्हणे ते ठीकच, पण सुतारही त्यांना वन्संच म्हणायचा.

"अहो, तुमच्या कुठल्या नात्याने त्या वन्सं?" धाकटीने एकदा विचारलं.

"मॅडम, मी मावशी म्हणून पाहिलं की. तर म्हणाल्या, तुझ्या आईचं माहेर कुठलं? मी सांगितलं. म्हणाल्या, मग नाही मी तुझी मावशी."

अशा होत्या वन्सं. शब्द जेवढा, तेवढाच घ्यायच्या.

कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी लाकडी वस्तू बनवायची. आजारी माणसाच्या पलंगावर ठेवायचं टेबल, न्हाणीघरातलं बसकं स्टूल, असलं काहीबाही. सगळं सुट्या भागांत, चपट्या खोक्यात. जोडायचं गिऱ्हाइकाने घरी, आणि कसं जोडायचं ते सांगणारा एक कागद सोबत. त्या कागदावर कंपनी चालली होती असं म्हटलं तरी चालेल, कारण इतरांच्या वस्तू जोडताना लोक रडकुंडीला येत आणि हिच्या वस्तू सत्तरीतली माणसंही कोणाला हाक न मारता जोडत.

याचं कारण वन्सं. नवीन वस्तू झाली की बंद खोकं त्यांच्यापुढे ठेवायचं. त्या कागद पहिल्या ओळीपासून वाचत, ओळीखाली बोट धरून, आणि कागद सांगेल तेवढंच करत. ते चालू असताना खोलीत कोणी बोलायचं नाही, हात लावायचा नाही, मान हलवायची नाही. हा नियम धाकटीनेच घातला होता. "मी इथे नाहीच असं समजा," ती म्हणायची. जिथे अडलं त्या ओळीवर वन्सं शर्टाचं एक बटण ठेवत आणि पुढे जात. मग ओळी बदलायच्या आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा पहिल्यापासून. एकही बटण पडलं नाही की कागद छापायला. आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी एक ओळ असे: हा कागद वाचून एका माणसाने ही वस्तू स्वतःच्या हाताने जोडून पाहिली आहे.

पहिल्याच वेळी कागदावर 'स्क्रू भोकात घाला' असं होतं. वन्संनी सोळा स्क्रू सोळा भोकांत घातले आणि हात मांडीवर ठेवले. टेबल उभं केल्यावर पाय चारी दिशांना गेले. सुतार पोट धरून हसला. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "फिरवा कुठे लिहिलंय?" नव्हतंच लिहिलेलं.

घरात वन्संना मंद समजत. समजत म्हणजे काय, ठरूनच गेलं होतं. सहा वर्षांच्या असताना एक लांबलेला ताप आला. तापातून उठल्यावर ही पोर उत्तर द्यायला वेळ लावते असं कोणाच्या तरी लक्षात आलं, आणि मग ते कोणी विसरलंच नाही. सातवीनंतर शाळा संपली. लग्न जमलं नाही की जमवलं नाही, त्यावर कोणी बोलत नसे. पुढे सव्वीस वर्षं कुठल्याशा कारखान्यात काहीतरी पॅकिंगचं काम, आणि मग भावाच्या घरी मागची खोली. घरात त्यांच्याशी प्रत्येक गोष्ट दोनदा आणि मोठ्याने बोलत. कान शाबूत होते, तरी मोठ्याने. त्या बोलायला लागल्या की निम्म्यावर कोणीतरी वाक्य पुरं करून टाकी.

फक्त या टेबलाशी त्यांच्यासाठी सगळे गप्प बसत. सोमवारी संध्याकाळी त्या दुसऱ्या दिवशीचे कपडे इस्त्री करून खुर्चीवर घालून ठेवत आणि शेजारणीला सांगत, "उद्या नको येऊस. मला कामावर जायचंय." ते सांगताना त्यांची मान किंचित वर होई. धाकटीने हे कित्येकदा पाहिलं होतं. वन्संकडे आपलं म्हणावं असं या मंगळवाराखेरीज काही नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणूनच पुढे जे केलं ते न कळून केलं असं तिला कधी म्हणता आलं नाही.

एआय आलं ते आधी पत्रव्यवहाराला. गिऱ्हाइकांना उत्तरं, दुकानदारांना पत्रं. मग सुताराने पेन्सिलीने काढलेल्या आकृतीचा फोटो दिला की स्वच्छ चित्र मिळू लागलं. मग कागदाचा मजकूर, तोही चार भाषांत. ज्याला तीन आठवडे लागायचे ते दुपारच्या चहाच्या आत. धाकटी खरोखर हरखली. इतकी वर्षं ती एकटीच मालक, कारकून, हमाल सगळं होती, आणि आता कोणीतरी न कंटाळता सोबत बसलं होतं. सुतार म्हणे, "मॅडम, त्याला रंधा मारायला शिकवा म्हणजे मी गावाला जातो." धाकटी हसे, पण तिची पाठ बरेच दिवसांनी दुखायची थांबली होती.

त्याच सुमारास एका मोठ्या दुकानाने नवीन वस्तू मागितली. उंच पलंगावरून उतरताना पाय ठेवायची दोन पायऱ्यांची घडवंची, बाजूला धरायला दांडा. दहा दिवसांत हवी होती. वन्संच्या हिशेबाने कागदाला निदान पाच मंगळवार लागले असते.

धाकटीने एआयला सांगितलं, हा कागद तू एका विशिष्ट बाईसारखा वाच. कोण बाई, तेही लिहिलं. चांगलं पानभर. लिहिताना हात झरझर चालला. चाळीस सेकंदांत अकरा चुका मिळाल्या, आणि त्या खऱ्या होत्या. तिने ओळी बदलल्या. दुसऱ्या खेपेला पाच. तिसऱ्या खेपेला एकही नाही.

"वन्सं, या मंगळवारी नका येऊ. रंगकाम काढलंय, वासाने डोकं उठेल तुमचं."

"बरं," वन्सं म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी रंग वाळला नव्हता. त्याच्या पुढच्या मंगळवारी वीज नव्हती. वन्सं प्रत्येक वेळी बरं म्हणत आणि इस्त्री केलेले कपडे पुन्हा कपाटात ठेवत. कागद छापायला जाताना तळाच्या ओळीवर धाकटीची नजर थांबली. खोडायची म्हटली तर एक बोट दाबायचं काम होतं. पण ती ओळ होती म्हणून तर दुकानाने माल घेतला होता. वाचून तर पाहिलंच आहे की, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ओळ राहिली.

शहाऐंशी घडवंच्या गेल्यावर एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"ताई, घडवंची झकास आहे हो. मी एकट्याने जोडली. आणि ती जास्तीची दांडी दिलीत त्याबद्दल विशेष आभार. मी पलंगावर पडल्यापडल्या तिने पंख्याचं बटण बंद करतो."

"कुठली दांडी?" धाकटीने विचारलं.

जास्तीची दांडी नव्हतीच. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना खालून बांधून धरणारी आडवी दांडी होती ती. तिच्यावाचून घडवंची उभी राहते, महिना-दीड महिना छान उभी राहते, आणि मग रोजच्या वजनाने फळ्या हळूहळू फाकत जातात. एक दिवस सकाळी कोणीतरी पाय ठेवणार.

"मास्तर, तिच्यावर पाय ठेवू नका. आजपासून अजिबात ठेवू नका. मी माणूस पाठवते."

तिने कागद काढून चारदा वाचला. तिला चूक दिसेना. सुताराने वाचला, त्यालाही दिसेना. दोघांनाही दांडी कुठे जाते ते माहीत होतं, मग कागद काय म्हणतो ते दिसणार कसं? शेवटी सुतार तिच्याकडे न बघता म्हणाला, "वन्संना बोलवा."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, वन्सं आल्या. कपडे इस्त्रीचे होते. एवढ्या घाईत कधी केली इस्त्री कोण जाणे. मास्तरांची दांडी उरल्याचं सुताराने त्यांना वाटेतच सांगितलं होतं.

"रंग वाळला?" त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंत होती तशीच होती, जुनी, पोपडे आलेली.

"वाळला," धाकटी म्हणाली.

एआयशी झालेलं सगळं बोलणं तिने घाईघाईत छापून घेतलं होतं, कोणत्या खेपेला काय बदललं ते पाहायला. छापलेला कागद त्या गठ्ठ्यातच शेवटी होता. फोन वाजत होता, दुकानातून विचारणा होत होती. तिने गठ्ठा उचलला आणि तसाच वन्संच्या पुढ्यात ठेवला. शेजारी झाकण उघडलेलं खोकं ठेवलं आणि बटणांची वाटी ठेवली.

वन्संनी चष्मा पुसला. पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. त्यांना जे दिलं ते त्या वाचत, पहिल्यापासून.

फोन ठेवून धाकटी वळली तेव्हा बोट तिसऱ्या ओळीवर होतं, आणि खोलीच्या या टोकावरूनही तिला कळलं की ते कुठलं पान आहे.

धावत जाऊन ओढून घ्यावं असं वाटलं. पण सुतार हातातलं काम थांबवून गप्प उभा होता, नियमाप्रमाणे. वन्संच्या टेबलाशी बोलायचं नव्हतं, हात लावायचा नव्हता. आणि ओढून घेतलं असतं तरी काय म्हणून? ती खोक्यावर बसली आणि बोट सरकताना पाहत राहिली. पानभर मजकूर होता आणि वन्सं हळू वाचत. वाटीतून एक बटण निघालं. थोड्या वेळाने दुसरं, तिसरं, चौथं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात, ते धाकटीला त्या दिवशी शब्दशः वाटलं.

पानावर हे होतं: तू बासष्ट वर्षांची बाई आहेस. सातवीपर्यंत शिकलेली. लहानपणी तापाने आजारी पडल्यामुळे बुद्धीने मंद. पुढचा विचार करत नाहीस. स्वतःची अक्कल चालवत नाहीस, सांगितलं तेवढंच यंत्रासारखं करतेस. तुला समजलं म्हणजे कोणालाही समजेल.

शेवटचं वाक्य तिच्या तोंडात बसलेलं होतं. एकदा पैसे गुंतवणाऱ्या लोकांपुढे तिने ते म्हटलं होतं, माझ्या नणंदेला समजलं की कोणालाही समजतं, आणि सगळे हसले होते, आणि तीही हसली होती.

"चार ठिकाणी अडले," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, ते पान चुकून आलं. ते तुमच्यासाठी नव्हतं."

"पहिलं बटण इथे. बासष्ट लिहिलंय. मला एकसष्ट."

सुतार पाठमोरा झाला.

"दुसरं इथे. मंद." त्यांनी बटण उचललं नाही. "हे कोणी लिहिलं?"

"मशीनने," धाकटी म्हणाली. इतक्या पटकन, की तिची तीच दचकली. "ते असंच काहीतरी लिहितं हो. त्याला कुठे काय कळतंय?"

वन्संनी मान डोलावली. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागे, आताही लागला. तेवढ्या वेळात धाकटीला वाटलंही, की सुटले.

"मग त्याला तापाचं कोणी सांगितलं?"

तापाचं धाकटीला खुद्द वन्संनीच सांगितलं होतं. ती लग्न होऊन नवीन आली होती तेव्हा, एका दुपारी, दोघीच घरात असताना. त्यांनी आपणहून तिला सांगितलेली तेवढी एकच गोष्ट होती.

"मी," धाकटी म्हणाली. "मीच लिहिलं सगळं. मशीनने यातलं काही नाही लिहिलं."

"हं." वन्संचं बोट पुढे सरकलं. "तिसरं इथे. पुढचा विचार करत नाही, असं आहे. मी करते. ती दांडी कुठे जाते ते मला खोकं बघूनच कळलंय. पण कागदावर येत नाही तोवर मी हात बांधून ठेवते. सोपं नसतं ते. मनाला सारखं गप्प बस म्हणावं लागतं. सोळा स्क्रूंच्या वेळी तर फार हात शिवशिवत होते. तू हसशील म्हणून बोलले नाही."

"वन्सं..."

"चौथं, ते शेवटचं. मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल. हे मला समजलं नाही."

वन्संनी तिला फार ताटकळवलं नाही. पान उलटलं. दुसऱ्या पानावर एआयचं उत्तर होतं, तेही त्यांनी ओळीन् ओळ वाचलं, आणि एका ठिकाणी मोठ्याने वाचलं: मी मजकूर वाचून सांगू शकतो, पण ही वस्तू मी हाताने जोडलेली नाही, म्हणून छापण्यापूर्वी एखाद्या माणसाकडून प्रत्यक्ष जोडून घ्यावी.

"हा बरोबर बोलला," वन्सं म्हणाल्या.

ती ओळ धाकटीने त्या दिवशी वाचलीच नव्हती. वरच्या अकरा चुका पाहून खाली आलीच नव्हती ती.

मग वन्संनी खोक्यातले भाग बाहेर मांडले आणि कामाला लागल्या. जणू काही झालंच नव्हतं. फळ्या, पायऱ्या, दांडा. सहाव्या ओळीशी कागद म्हणाला, आता सगळे स्क्रू घट्ट आवळा. त्यांनी आवळले, मनगटं थरथरेपर्यंत. नवव्या ओळीला कागद म्हणाला, दोन्ही फळ्यांतल्या भोकांत दांडी बसवा. फळ्या आता तसूभरही हलत नव्हत्या. दांडी आत जायला जागाच नव्हती. वन्संनी नवव्या ओळीवर बटण ठेवलं, दांडी बाजूला ठेवली आणि शेवटपर्यंत गेल्या. घडवंची दिमाखात उभी राहिली, आणि शेजारी उरलेली दांडी.

"सहावं नवव्यानंतर घ्या," त्या म्हणाल्या. "मास्तरांची चूक नाही."

तळाच्या ओळीवर त्यांनी बटण ठेवलं नाही. फक्त बोट बराच वेळ तिथे राहिलं.

शहाऐंशी घरं होती. दुकानाकडून नंबर घेऊन धाकटीने फोन करायला घेतले. वन्सं घरी गेल्या नाहीत, शेजारी बसून राहिल्या.

"नमस्कार, आमच्याकडून थोडी गडबड झाली आहे..."

"गडबड नाही," वन्सं हळूच म्हणाल्या. "काय झालं ते सांग."

दुसऱ्या फोनला ती म्हणाली, "छपाईत चूक राहिली." वन्संनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. पाचव्या-सहाव्या फोनला कुठे तिच्या तोंडून नीट निघालं: कागदावर लिहिलंय की माणसाने जोडून पाहिलं आहे, तसं आम्ही केलं नव्हतं, आणि ओळ तशीच ठेवली होती. पलीकडे एक बाई म्हणाली, "मग लिहिलंत कशाला?" धाकटी म्हणाली, "विकायला." ते म्हटल्यावर तिचे कान तापले, आणि पुढचा नंबर लावायला तिला दोन घोट पाणी प्यावं लागलं. पस्तिसाव्या घरी एक आजोबा होते, त्यांची घडवंची करकरायला लागली होती म्हणे, पण त्यांना वाटलं आपलेच गुडघे. शनिवारी दुपारपर्यंत शहाऐंशीच्या शहाऐंशी झाले. कोणी पडलं नव्हतं. ते धाकटीच्या हुशारीमुळे नव्हतं, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. सुतार दांड्या बसवायला घरोघर निघाला.

टेबलाशी दोघीच उरल्या.

"मंगळवारी याल ना?" धाकटीने विचारलं. विचारायला तिला दोन दिवस लागले होते.

वन्संनी वेळ घेतला. या वेळी धाकटीने त्यांचं वाक्य पुरं केलं नाही.

"ते पान परत लिही," वन्सं म्हणाल्या.

"कुठलं?"

"माझं. मशीनला दिलंस ते. ते मशीन वापर तू, चांगलं आहे, अकरा चुका मलाही इतक्या लवकर नसत्या सापडल्या. पण त्याला मी कोण ते सांगायचं असेल तर नीट सांग. लिही. मी वाचते. मग ठरवते."

धाकटीने कोरा कागद ओढला. लिहिलं, तू एकसष्ट वर्षांची बाई आहेस. सातवीपर्यंत शिकलेली. मग पेन थांबलं. सव्वीस वर्षं कारखान्यात, असं लिहिलं आणि पुढे काय लिहायचं ते तिला येईना. कशाचा कारखाना? कसलं पॅकिंग? अठरा वर्षं दोघी एका घरात होत्या, एका ओट्यावर भांडी घासली होती. पेनाचं टोक कागदावर तसंच टेकून राहिलं आणि खाली शाईचा ठिपका मोठा होत गेला.

वन्सं हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"वन्सं," धाकटी मान वर न करता म्हणाली, "तुमच्या त्या कारखान्यात तुम्ही नक्की काय करायचात?"

"सलाइनच्या नळ्या असायच्या," वन्सं म्हणाल्या. "पिशवी बंद करायच्या आधी प्रत्येक नळी डोळ्यांसमोर धरून बघायची. भोक नाही ना. सगळ्या घाईघाईने बघायच्या. मी सावकाश बघायची, म्हणून लहान मुलांच्या दवाखान्याचा माल माझ्याकडेच यायचा." त्यांनी खुर्ची जरा टेबलाकडे ओढली. "तू लिही. मी हळूहळू सांगते."